नागरिकत्वाची प्रश्नपत्रिका

परीक्षकाचे काम ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे केले आहे त्यांस एक गोष्ट अनुभवाने कळून चुकते. उत्तरपत्रिकेवरून विद्यार्थ्याची परीक्षा होते हे खरे. परंतु प्रश्नपत्रिकेवरून परीक्षकाची परीक्षा त्याच्याही आधी होऊन गेलेली असते. त्याने कोणत्या गोष्टीस महत्त्व दिले, कोणती वगळली, विद्यार्थ्याने विचार करावा अशी त्याची इच्छा आहे की पाठ केलेले जसेच्या तसे ओतावे अशी, हे सर्व त्या छापील कागदावर उघडे पडते. परकीय मनुष्यास आपल्या नागरिकांत घेण्यापूर्वी कित्येक राष्ट्रे हल्ली त्याची परीक्षा घेतात. त्या राष्ट्रांसही हाच न्याय लागू पडतो. परीक्षा देणारा किती गुणांनी उत्तीर्ण झाला याची नोंद होते; परीक्षा घेणारे राष्ट्र किती गुणांनी उत्तीर्ण झाले हे सहसा कोणी पाहात नाही. ते पाहावे असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयाकडे आमचे लक्ष गेले ते एका पत्रामुळे. कर्जतजवळच्या एका खेड्यात वाढलेली आमची एक जुनी विद्यार्थिनी विवाहानंतर इंग्लंडात गेली. तेथे ती नोकरी करते, कर भरते, तिची मुले तेथील शाळेत जातात. आता तिला त्या देशाचे नागरिक व्हावयाचे आहे आणि त्यासाठी नेमलेल्या परीक्षेचे सरकारी हस्तपुस्तक तिने आम्हांस पाठविले. सोबत एक प्रश्न होता, तो पुढे येईलच. पत्र येऊन चार दिवस झाले नाहीत तोच तिची आई आमच्या घरी आली. तिची चिंता निराळीच होती. “सर, पोरीचं इथलं नाव आता कायमचं कटणार का हो?” असे तिने विचारले. आम्ही म्हणालो, “मतदारयादीतून कटेल; घरातून कसे कटेल?” उत्तर शोभिवंत होते, पण पुरते खरे नव्हते. आपल्या संविधानाच्या नवव्या अनुच्छेदाप्रमाणे आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वखुशीने घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. परदेशस्थ भारतीय नागरिक या नावाचे जे ओळखपत्र पुढे मिळते त्यावर येथे यावे, राहावे, नातलगांस भेटावे. मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्या मुलीचा बाप आयुष्यभर भाताच्या खाचरात राबला तिच्या दृष्टीने ही काही लहान गोष्ट नव्हे. तेव्हा त्या पंचेचाळीस मिनिटांच्या परीक्षेत एक मनुष्य एक नाते सोडून दुसरे जोडीत असतो, हे ध्यानात ठेवूनच तिच्या प्रश्नांकडे पाहिले पाहिजे.

ब्रिटनमध्ये ही परीक्षा २००५ साली सुरू झाली. हल्लीचे हस्तपुस्तक हे तिसऱ्या आवृत्तीचे असून ती २०१३ साली निघाली. चोवीस प्रश्न, पंचेचाळीस मिनिटे, आणि त्यांपैकी अठरा उत्तरे बरोबर यावी लागतात. एका रविवारी आम्ही, आमचे कुटुंब आणि आमचे चिरंजीव असे तिघेजण सरावाची एक प्रश्नपत्रिका घेऊन बसलो. आमची पंधरा उत्तरे बरोबर आली. म्हणजे सत्तावीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकवूनही आम्ही इंग्लंडचे नागरिक होण्यास अपात्र ठरलो. चिरंजीव त्या दिवशी आमच्याही मागे होते. परंतु दोन आठवडे मोबाइलवर सराव करून त्यांनी पुढे बावीस गुण मिळविले. तेवढ्या अवधीत इंग्लंडविषयी त्यांची प्रीती वा समज तिळमात्र वाढल्याचे आमच्या दृष्टीस आले नाही.

हस्तपुस्तकाविषयी प्रथम चांगले सांगितले पाहिजे, कारण ते त्यात आहे. भाषा सोपी आहे. कायदा सर्वांस सारखा, मत कसे द्यावे, पंच म्हणून न्यायालयात बोलावणे आल्यास जाणे हे नागरिकाचे कर्तव्य, घरातील मारहाण हा गुन्हा, मुलीचे लग्न तिच्या इच्छेविरुद्ध लावणे हाही गुन्हा, हे सर्व त्यात स्पष्ट शब्दांत आले आहे. परक्या देशात नव्याने आलेल्या बाईस ही चार पाने वाचावयास मिळाली तर तिचे कल्याणच होईल. परंतु ही पाने थोडी; बाकीचा पसारा फार. आठव्या हेन्रीच्या सहा राण्या, लंडनमधील त्या प्रसिद्ध अजस्र पाळण्याची उंची, युद्धांच्या आणि शोधांच्या तारखा! डीन महोमेत नावाच्या एका हिंदी गृहस्थाने १८१० साली लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर हिंदी पद्धतीचे खाद्यगृह काढले, हेही त्यात आहे. आम्हांस तो मजकूर वाचून कौतुक वाटले. पण त्या खाद्यगृहाचा सन ठाऊक असल्याने मनुष्य अधिक चांगला नागरिक कसा होतो, हे काही केल्या उमगले नाही. डरहॅम विद्यापीठातील प्राध्यापक थॉम ब्रुक्स यांनी २०१३ साली या परीक्षेची सविस्तर चिकित्सा केली. ते मूळचे अमेरिकन आणि स्वतः ही परीक्षा देऊन ब्रिटिश नागरिक झालेले. त्यांच्या गणतीप्रमाणे या पुस्तकात सुमारे तीन हजार तपशील असून २७८ ऐतिहासिक तारखा आहेत. त्याच वेळी आधीच्या आवृत्तीत असलेली नित्य उपयोगाची माहिती, उदाहरणार्थ वैद्याकडे नाव कसे नोंदवावे, संकटात कोणत्या क्रमांकावर साहाय्य मागावे, ही नव्या परीक्षेतून गेली. आग लागली असता बंब कसा बोलवावा हे ठाऊक नसलेला, परंतु राण्यांची नावे क्रमाने सांगणारा नागरिक या पद्धतीने तयार होऊ शकतो.

येथवर दोष केवळ अडाणीपणाचा आहे; त्यावर हसून सोडून देता आले असते. आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न मात्र याहून खोल होता. साम्राज्याचा अंत कसा झाला हे सांगताना हस्तपुस्तकाचा सूर असा आहे की साम्राज्याचे राष्ट्रकुलात रूपांतर बहुतांशी सुव्यवस्थित रीतीने झाले आणि निरनिराळ्या देशांस स्वातंत्र्य बहाल करण्यात आले. ती लिहिते: “सर, शाळेत असताना दर २ जानेवारीला आम्ही कोतवाल-पाटलांसाठी उभे राहात असू. आता हे वाचून ‘बहाल केले’ या उत्तरासमोर खूण करायची का?”

ज्या वाचकांस आमच्या भागाची माहिती नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १९१२ साली माथेरानला झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. या डोंगराळ मुलुखातील शेतकरी आणि आदिवासी यांच्यासाठी त्यांनी शाळा काढल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी भूमिगत दस्ता उभारून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि कर्जत तालुक्यातील मानिवलीचे हिराजी पाटील हे दोघे पडले. त्यांचे स्मरण या भागातील घरोघरी आहे. ज्या मुलीने ते लहानपणी ऐकले तिला ‘सुव्यवस्थित’ या शब्दाशी अडखळावयास झाले, यात तिचा हट्ट नाही. उलट तिचे शिक्षण व्यर्थ गेले नाही याचेच ते गमक आहे. आणि ही तक्रार एकट्या हिंदी मनाची आहे असेही नव्हे. जुलै २०२० मध्ये ब्रिटनमधील शेकडो इतिहासकारांनी उघड पत्र लिहून या पुस्तकातील गुलामगिरीचा आणि साम्राज्याचा इतिहास दिशाभूल करणारा आहे असे सांगितले.

आमच्या मते येथे परीक्षेने मर्यादा ओलांडली. ‘आमच्या देशाचा कायदा हा असा आहे, तो तुला ठाऊक आहे काय?’ असे विचारण्याचा प्रत्येक राष्ट्रास अधिकार आहे. ‘आमच्या पूर्वजांनी तुझ्या पूर्वजांशी कसे वर्तन केले याविषयी आमचे जे मत, तेच तुझे ज्ञान म्हणून लिहून दे’ असे म्हणण्याचा अधिकार कोणासच नाही. पहिला प्रश्न नागरिकाला विचारलेला आहे; दुसरा मांडलिकाला.

आता अटलांटिकच्या पलीकडे पाहू, कारण मराठी कुटुंबे तेथेही पुष्कळ आहेत. अमेरिकेत हीच परीक्षा तोंडी होते आणि सर्व प्रश्न उत्तरांसह आधीच प्रसिद्ध केलेले असतात. अनेक वर्षे शंभर प्रश्नांची यादी होती. अधिकारी त्यांतील दहा विचारी आणि सहांची उत्तरे पुरत. २० ऑक्टोबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांसाठी यादी १२८ प्रश्नांची झाली असून वीस प्रश्नांपैकी बारा उत्तरे बरोबर यावी लागतात. याही यादीत पुढाऱ्यांची नावे आहेतच. तथापि शंभरांच्या जुन्या यादीत असेही प्रश्न होते: कायद्याचे राज्य म्हणजे काय? लोकशाहीच्या कारभारात भाग घेण्याचे दोन मार्ग सांगा. नागरिक होताना तुम्ही कोणते वचन देता? हे प्रश्न वाचून आम्हांस समाधान वाटले. त्यांची उत्तरेही घोकता येतात हे खरे. पण जे घोकले जाते ते निदान घोकण्याच्या लायकीचे आहे. जर्मनीने २००८ पासून आणखी एक गोष्ट केली. तेहतीस प्रश्नांपैकी तीन प्रश्न, अर्जदार ज्या घटक राज्यात राहतो त्याच राज्याविषयी असतात. नागरिकत्व हे नकाशावरील मोठ्या आकृतीचे नसून ज्या गावात आपण राहतो तेथून त्याचा आरंभ होतो, ही जाणीव त्या तीन प्रश्नांत आहे.

परंतु परीक्षांचा सर्वच इतिहास असा निरुपद्रवी नाही. १८९७ साली नाताळच्या वसाहतीने असा कायदा केला की आगंतुकास युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे. त्या कायद्यात हिंदी हा शब्द कोठेही नव्हता. रोख मात्र हिंदी माणसावरच होता, आणि गांधीजी तेव्हा तेथेच वकिली करीत होते. ऑस्ट्रेलियाने तीच युक्ती १९०१ साली उचलली. तेथील अधिकारी आगंतुकास पन्नास शब्दांचा उतारा उतरवून घ्यावयास सांगे, आणि कोणत्या युरोपीय भाषेत सांगावयाचा हे तोच ठरवी. १९३४ साली एगॉन किश नावाचा एक बहुभाषी लेखक नकोसा झाला तेव्हा त्यास स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत उतारा घालण्यात आला. तेथील उच्च न्यायालयाने ही चलाखी पुढे अमान्य केली. हा श्रुतलेखनाचा प्रकार १९५८ पर्यंत कायद्यात होता. यावरून बोध असा की, परीक्षा हे दार असू शकते तसेच ते अडसरही असू शकते, आणि बाहेरून पाहणाऱ्यास दोन्हींचे लाकूड सारखेच दिसते. म्हणून पाहावयाचे ते एवढेच की हा प्रश्न उत्तर मिळावे म्हणून विचारला आहे, की मिळू नये म्हणून.

इतके झाल्यावर कोणी म्हणेल की, परक्यांच्या घराची झाडलोट पुष्कळ झाली, आपल्या घरात काय आहे? प्रश्न योग्य आहे. आपल्या देशात नागरिक होऊ इच्छिणाऱ्या परकीयासाठी लेखी परीक्षा नाही. १९५५ च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात त्याने किती वर्षे येथे वास्तव्य केलेले असावे हे सांगितले आहे. त्याची वर्तणूक चांगली असावी आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा त्यास पुरेशी यावी असेही म्हटले आहे. त्या अनुसूचीत आज बावीस भाषा आहेत. मराठी आलेल्यास आणखी एखादी शिकण्याची सक्ती नाही. आमच्या मते ही अट उदार आणि शहाणपणाची आहे. याहून मोठे धैर्य आपण आपल्याच लोकांविषयी दाखविले. १९३५ च्या कायद्याखाली मताचा अधिकार मालमत्ता, कर किंवा शिक्षण पाहून मिळत असे. स्वतंत्र भारताने ती चाळण फेकून दिली. १९५१ च्या शिरगणतीत साक्षरतेचे प्रमाण १८.३३ टक्के होते, आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक लोकांस, अक्षर येते की नाही हे न विचारता, मत देण्यास बोलाविले. वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी पेट्यांवर चित्रे लावली. जगातील पुष्कळ शहाण्यांनी तेव्हा माना हलविल्या होत्या. वाचता न येणारा मनुष्य न्याय-अन्याय ओळखू शकतो, हे त्या निर्णयामागचे गृहीत होते आणि ते खोटे ठरले नाही.

तथापि या अभिमानात फार वेळ रमता येत नाही. कारण आमच्याच तालुक्यात आम्ही एक निराळी परीक्षा पाहिली आहे. अनुसूचित जमातींची पहिली यादी ६ सप्टेंबर १९५० ची. १९५६ च्या दुरुस्तीनंतर तिच्यात ठाकूर जमातीपुढे काही तालुक्यांची नावे होती. तेव्हाच्या कोलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर ही दोन नावे त्यांत होती. १९७६ च्या कायद्याने ही क्षेत्राची मर्यादा उठली. त्यामुळे नामसाधर्म्याचा लाभ घेऊन दुसऱ्याच लोकांनी या सवलती बळकावल्याची तक्रार वाढली, आणि ती निराधार नव्हती. खरा ठाकर वा कातकरी पोर वसतिगृहाच्या दारात उभा आणि त्याची जागा खोट्या दाखल्यावर दुसऱ्याने नेलेली, ही चोरीच होय. ६ जुलै २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा दाखल्यावर मिळविलेले लाभ काढून घेतले पाहिजेत असे ठणकावून सांगितले आहे. तेव्हा पडताळणी हवी, याविषयी आमचा वाद नाही. वाद आहे तो प्रश्नांविषयी.

दाखल्याच्या पडताळणीत कागदपत्रांबरोबर एक ‘आप्तभाव चाचणी’ घेतात. जमातीचे देव कोणते, लग्नात कोणता विधी, मर्तिकात कोणता, बोली कशी, नाच कोणता, असे प्रश्न अर्जदारास विचारतात आणि त्याची उत्तरे जमातीच्या ज्ञात लक्षणांशी ताडून पाहतात. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक ठाकर विद्यार्थी या चाचणीस जावयाचा होता. त्याचा बाप कारखान्यात कामास, आई खोपोलीत धुणीभांडी करणारी. तो स्वतः वसतिगृहात वाढलेला. जाण्यापूर्वी आठ दिवस त्याने आमच्याकडे येऊन ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरचा, १९६० साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ मागून नेला. पुस्तक परत देताना तो हसून म्हणाला, “सर, आजोबांचं सगळं पाठ केलंय.” आम्हांस मात्र हसू आले नाही. आमची एक विद्यार्थिनी इंग्लंडचे नागरिक होण्यासाठी इंग्लंडचे पुस्तक पाठ करीत होती. आणि हा, ज्या डोंगरात त्याच्या पिढ्या गेल्या त्याच डोंगराचा आपण आहो हे सिद्ध करण्यासाठी, आपल्याच आजोबांचे पुस्तक पाठ करीत होता. गमतीची गोष्ट अशी की एखाद्या लबाडालाही तोच ग्रंथ तितकाच पाठ करता आला असता. शिकलेला खरा वारस नापास व्हावा आणि घोकलेला खोटा पास व्हावा, अशी सोय ज्या परीक्षेत आहे ती परीक्षा आपल्याच हेतूचा घात करते.

२४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील आदिवासी ठाकूर जमातीच्या एका संस्थेच्या खटल्यात हेच तत्त्व सांगितले. ही चाचणी म्हणजे निर्णायक कसोटी नव्हे. स्थलांतराने आणि नव्या राहणीने जुनी लक्षणे पुसट होऊ शकतात. संविधानापूर्वीच्या विश्वसनीय कागदास अधिक वजन दिले पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. निकाल योग्यच आहे. पण त्यातूनही एक प्रश्न उरतो. ज्यांच्याकडे कागदच नाही त्यांनी काय करावे? आमच्या भागातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या कित्येक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. अशा मनुष्यास ‘कायमचा पत्ता काय?’ हा प्रश्न आमच्यातुमच्या दृष्टीने अगदी निरुपद्रवी वाटतो. त्याच्या दृष्टीने तो ऑस्ट्रेलियातील श्रुतलेखनाइतकाच अवघड असतो. फरक इतकाच की तेथे अडवणूक हेतुपूर्वक होती आणि येथे ती निष्काळजीपणाने होते. अडलेल्यास हा फरक फारसा जाणवत नाही.

आतापर्यंत पाहिलेल्या प्रश्नांचे दोन वर्ग पडतात. काही स्मरणाचे: आम्ही जे लक्षात ठेवतो ते तू ठेवले आहेस काय? काही साम्याचे: तू आमच्या कल्पनेतल्या चित्रासारखा दिसतोस काय? खरा प्रश्न या दोहोंत येत नाही. तो कर्तव्याचा आहे: तुझ्यावर वा तुझ्या शेजाऱ्यावर अन्याय झाला असता तू काय करशील, आणि ते करण्याचा मार्ग तुला ठाऊक आहे काय? कर्जत-खालापूरसाठी प्रश्नपत्रिका काढण्याचे काम आमच्यावर आले तर आम्ही पुढील प्रश्न घालू. वीटभट्टीच्या मालकाने उचल दिली म्हणून तो एखाद्या कुटुंबास भट्टी सोडू देत नाही; हे कोणत्या कायद्याने निषिद्ध आहे आणि तक्रार कोणाकडे करावी? शेजारच्या घरी पंधरा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरले आहे. तुमचे कर्तव्य काय? सरकारी कार्यालयात माहितीचा अर्ज दिला. किती दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे आणि न मिळाल्यास पुढे काय? ग्रामसभेत खर्चाचा हिशेब विचारण्याचा अधिकार कोणास आहे?

येथे वाचक आम्हांस अडवतील. ते म्हणतील की, कर्तव्य कागदावर मोजता येत नाही; उत्तर लिहिणारा तसे वागेलच कशावरून? आक्षेप खरा आहे. अंतःकरण तपासण्याचा प्रयत्न काहींनी केलाही. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याने २००६ साली अर्जदारांच्या घरगुती आणि धार्मिक मतांत शिरणारे प्रश्न काढले, त्यांवर मोठा गहजब झाला आणि पुढे ते सोडून द्यावे लागले. मनात डोकावण्याचा अधिकार परीक्षकास नाही. पण मार्ग ठाऊक आहे की नाही हे विचारता येते. आणि ते विचारण्याचा लाभ असा की त्याची तयारी करणारा, तो पुढे कसाही वागो, फसविला जाण्यास थोडा अवघड होतो. राण्यांची नावे परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरतात. उचलीखाली डांबून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे आणि प्रांताधिकाऱ्याकडे दाद मागता येते, हे एकदा कळलेला मनुष्य ते विसरत नाही. म्हणून अशी प्रश्नपत्रिका चाळण म्हणून नव्हे, धडा म्हणून द्यावी. जो चुकेल त्यास परत पाठवू नये. त्यास उत्तर सांगावे.

शिवाय ती प्रथम आमच्यासारख्यांस द्यावी. वरील चार प्रश्न आम्ही आमच्या शिक्षकांच्या खोलीत सहज विचारून पाहिले. विंबल्डनचे विजेते ज्यांस मुखोद्गत, असे आमचे सहकारी वेठबिगारीच्या प्रश्नापाशी एकमेकांकडे पाहू लागले. आम्हीही तो कायदा हा लेख लिहिण्यासाठी उघडला, हे कबूल केले पाहिजे. जन्माने मिळालेले नागरिकत्व परीक्षा मागत नाही. म्हणून ते कधी अभ्यासले जात नाही.

आणि परीक्षा दोन्ही बाजूंनी व्हावी हे न्यायाचे आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या पायथ्याची इरशाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे सरकारने नंतर विधिमंडळात सांगितले. पायवाटेशिवाय रस्ता नसलेल्या त्या वाडीतील ठाकर मंडळी या देशाचे नागरिक होती. त्यांनी मते दिली होती. राज्याने त्यांस वेळोवेळी पुष्कळ प्रश्न विचारले असतील. त्यांनी राज्यास विचारावयाचा प्रश्न एकच होता, आणि त्याचे उत्तर त्या यादीत नव्हते. त्या रात्री धो धो पावसात चौक-खोपोली भागातील तरुण आणि गिर्यारोहक अंधारातून ती चढण चढून गेले. नागरिकत्व कशास म्हणावे हे त्यांस कोणी विचारले नव्हते.

आमच्या विद्यार्थिनीस आम्ही काय लिहिले ते सांगून हा लेख पुरा करतो. आम्ही लिहिले की, त्या प्रश्नाचा खरा अर्थ ‘या पुस्तकात काय छापले आहे?’ एवढाच आहे. त्यास प्रामाणिक उत्तर म्हणजे छापलेले उत्तर. तेथे खूण कर, त्याने तुझे इमान जात नाही. मात्र तुझ्या भागाच्या प्रतिनिधीस पत्र लिहिण्याचा अधिकार तुला आहे. हे वाक्य पुढील आवृत्तीत बदलावे असे पहिले पत्र त्यास तू लिही, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर काय झाले ते त्यात कळव. तिचे उत्तर गेल्या महिन्यात आले. ती उत्तीर्ण झाली आहे. पत्राचा मसुदाही तिने सोबत जोडला असून त्यातील इंग्रजी आम्ही तपासून द्यावे अशी तिची विनंती आहे. मसुद्यात दोन ठिकाणी उपपदांच्या चुका होत्या, त्या आम्ही दुरुस्त केल्या. बाकी एकही शब्द बदलण्याचे कारण दिसले नाही.